आमच्या ई-सेवा केंद्रवाल्या ताईंना, शाळेकडून

ताई, नमस्कार.

हे आभार तुमचे फोनवर मानले असते तर तुम्ही "अहो बाई, एवढं काय त्यात, फॉर्मच तर भरलेत" म्हणून विषय बदलला असता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. लांबलंय, पण वाचा.

मागं शाळेत गुणगौरव झाला. एनएमएमएस शिष्यवृत्तीला लागलेली पोरं, इन्स्पायर मानक ह्या सरकारच्या विज्ञान योजनेत आयडिया निवडली गेलेली मुलगी, जिल्ह्याला पळायला गेलेली मुलं, सगळ्यांचे सत्कार झाले, आम्हा शिक्षकांना शाल-श्रीफळ मिळालं, सरपंच बोलले, केंद्रप्रमुख साहेब बोलले, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्षही बोलले. तुमचं नाव कुणीच घेतलं नाही. तुम्ही मांडवाच्या कडेला लेकीचं दप्तर हातात धरून उभ्या होता आणि तिथंसुद्धा एक आजोबा तुम्हाला निराधारच्या पेन्शनचं विचारत होते. तेव्हाच ठरवलं की हे लिहायचंच.

लोकांना वाटतं पोरगं परीक्षा पास झालं की स्कॉलरशिप मिळाली. तसं नाहीये. एनएमएमएस म्हणजे आठवीतल्या मुलांची परीक्षा, ९० प्रश्न बौद्धिक क्षमतेचे आणि ९० शालेय विषयांचे, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, आणि लागलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. चार वर्षांचे ४८,००० झाले. देशात १ लाख मुलांना मिळते, त्यात आपल्या महाराष्ट्राचा कोटा ११,६८२. आमच्या माण तालुक्यासारख्या दुष्काळी भागात, जिथं आईबाप मेंढरं घेऊन बाहेर असतात नाहीतर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात कुठं परराज्यात असतात, तिथं ४८,००० म्हणजे पोरीचं शिक्षण दहावीला थांबणार का पुढं चालणार एवढा फरक आहे. आम्ही सकाळी जादा तास घेतो, जुने पेपर सोडवून घेतो, पोरं जीव तोडून अभ्यास करतात, निकाल लागतो, पेढे वाटतो.

आणि खरी अडचण तिथनं पुढं सुरू होते.

परीक्षा होते आठवीत, आमच्या शाळेत. पैशाचा फॉर्म भरायचा नववीत, म्हणजे पोरगं तोवर हायस्कूलला गेलेलं असतं. नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर नोंदणी, मग हायस्कूलनं व्हेरिफाय करायचं, मग जिल्ह्यानं करायचं, आणि दरवर्षी पुन्हा रिन्यूअल. ह्यातली एक जरी तारीख चुकली तरी त्या वर्षाचे पैसे गेले. जुन्या शाळेला वाटतं नवीन शाळा बघेल, नवीन शाळेत पोरगं नुकतंच आलंय, त्याला कोण ओळखतंय, आणि आईबापाला पोर्टल म्हणजे काय तेच माहीत नाही. मी इथं यायच्या आधी ज्या शाळेवर होते तिथली दोन मुलं माझ्या डोळ्यासमोर अशी गेली, पास होऊन. कुणाची चूक म्हणून बोट दाखवता येत नाही, नुसती मधल्या फटीत पडली.

त्या फटीत तुम्ही उभ्या राहिलात ताई. तुम्ही एक वही केली, साधी शंभर पानी, त्यात लागलेल्या प्रत्येक पोराचं नाव, आता कोणत्या हायस्कूलला, फोन नंबर कुणाचा चालू, उत्पन्नाचा दाखला कधी संपतो, रिन्यूअल कधी. हे तुमचं काम नव्हतं. माझं म्हणता आलं असतं, हायस्कूलचं म्हणता आलं असतं, तुमचं तर नक्कीच नाही, तुमच्या केंद्रात त्याचा एक रुपया मिळत नाही कारण शाळेच्या पोरांकडून तुम्ही सरकारी फी सोडून काही घेतच नाही. (हे मी सांगितलेलं तुम्हाला आवडणार नाही, माहितीय.)

दाखल्याचंच घ्या. तलाठ्याचा अहवाल आणा, मग तहसीलचा दाखला. आठवीच्या पालकांना तुम्ही गणपतीतच निरोप दिला की मेंढरं हलायच्या आत कागद द्या, एकदा दिवाळी झाली आणि माणसं बाहेर पडली की सही कुणाची घेणार. आणि वर सांगितलं की एक वर्षाचा नको, तीन वर्षांचाच काढा, एकच हेलपाटा. आम्ही इतकी वर्षं नोकरी करतोय, आम्हाला नाही सुचलं.

तो ओटीपीचा प्रसंग लिहितेच. नववीतला मुलगा, आधारला नंबर वडिलांचा, वडील तमिळनाडूत गलाईच्या दुकानात. भट्टीवर बसलं की फोन लांब, रात्री सुटी झाल्यावरच हातात. दिवसा सात-आठ वेळा ओटीपी पाठवून झाला, उत्तर नाही, आणि फॉर्मची मुदत संपत आलेली. तुम्ही केंद्र बंद केलंत, लॅपटॉप घरी नेला, पोराला आणि त्याच्या आजीला घरीच बोलावलंत, मीही आले. तुमच्या घरात रेंज फक्त न्हाणीजवळच्या खिडकीत, तर तिथं स्टुलावर लॅपटॉप. नऊ वाजून गेल्यावर त्यांचा फोन लागला. पहिला ओटीपी चष्मा शोधण्यात गेला. दुसरा पाठवला, ते एकेक आकडा मोठ्यांदा वाचत होते, तुम्ही एकेक टाकत होता, शेवटच्या आकड्याला ते म्हणाले "सात का एक, नीट दिसंना", तुम्ही म्हणालात "दादा घाई नाही, बारीक बघा". मग सबमिट झालं. फोन ठेवायच्या आधी त्यांनी पोराला एवढंच विचारलं, "जेवलास का रं?" आणि पोरगं "हां" म्हणून बाहेर अंगणात गेलं. तुम्ही त्या आजीला दोन घास खाऊन जायला लावलंत. घरच्या माणसाइतकं केलंत तुम्ही त्या दिवशी, ह्याला मदत म्हणणं मला कमी वाटतं.

त्यातही फॉर्म मंजूर झाला म्हणजे पैसे आले असं नसतंच. हे तुमच्याकडूनच शिकले मी, की खातं आधारला लिंक असणं वेगळं आणि डीबीटीला, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, जोडलेलं असणं वेगळं. तालुक्याच्या एका बँकेत एका पोरीच्या आईला सांगितलं लिंक आहे, जावा, पैसे येतील. माऊली तीनदा रोजगार बुडवून जाऊन आली. तुम्ही स्टेटस बघितलं तर आधार कुठल्याच खात्याला मॅप नाही. मग पोस्टमन काकांना वाडीवर बोलावून पोस्टाच्या बँकेत खातं काढलं, पोरीच्या नावावर, आणि पैसे आले. त्या बाईनं शाळेत येऊन मला मोबाइलवरचा मेसेज दाखवला, वाचता येत नाही तिला, पण आकडा ओळखला होता.

इन्स्पायर मानकचंही तसंच. आयडिया निवडली की मॉडेल करायला १०,००० रुपये मिळतात ते थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. आमच्या पोरीची आयडिया तिची, डोकं तिचं, मेहनत विज्ञानाच्या सरांची, पण आधारवर तिचं नाव वेगळं आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला वेगळं, एका वेलांटीचा फरक. तो दुरुस्त झाला नसता तर पैसे अडकलेच असते. तुम्ही तालुक्याहून आधारचं मशीन शाळेत आणवलंत आणि एका दिवसात वर्गच्या वर्ग अपडेट करून घेतले, पंधरा वर्षांच्या वरच्या माजी विद्यार्थ्यांचे ठसेही त्यातच उरकले.

खेळाचं थोडक्यात सांगते. ललिता बाबर ह्याच तालुक्यातल्या मोहीच्या, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलला धावल्या, दहाव्या आल्या, तेव्हापासून इकडं पोरींना पळू द्यायला घरचे फार अडवत नाहीत. पण शालेय स्पर्धेला वयाचा पुरावा लागतो, आणि जन्मदाखला नसला की चपळ पोरगी घरी बसते. ह्या वर्षी एकही बसली नाही.

आता मला सगळ्यात जास्त ज्याचा अभिमान आहे ते. शनिवारी दप्तर नसतं, तर पोरांना काय द्यायचं असा विचार चाललेला, परसबाग झाली, ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या भरून वनराई बंधारा झाला, तेव्हा तुम्ही म्हणालात की सातवी-आठवीच्या पोरांना वस्तीवर पाठवा, घरोघर विचारू द्या कुणाचा कुठला कागद अडलाय. मला आधी भीती वाटली, लोकांची कागदपत्रं पोरांच्या हातात. तुम्ही आधी शाळेत येऊन एक तास घेतलात. नियम तीनच सांगितले, कुणाचा आधार नंबर लिहायचा नाही, कुठल्या कागदाचा फोटो काढायचा नाही, ओटीपी कुणी सांगायला लागलं तर कान बंद करायचे. कागदावर फक्त आहे, नाही, चुकलंय एवढंच. पोरांनी ते इतकं मनावर घेतलं की एक पोरगा स्वतःच्या आजोबांवर ओरडला, "आबा, फोनवर कुणाला आकडे सांगता!" आणि खरंच पलीकडं कुणीतरी बँकेतून बोलतोय म्हणणाराच होता.

त्या पाहणीतनं किती घरांचं काम झालं. विधवा बायका ज्यांना निराधारचे महिन्याला १,५०० मिळायला पाहिजेत पण हयातीचा दाखला दिला नाही म्हणून बंद पडलेले. कुणाचं रेशनकार्डात नावच नाही. पोरांनी यादी आणली, तुम्ही एकेक निस्तरत गेलात, आणि प्रत्येक वेळी ज्या पोरानं ते नोंदवलं त्यालाच शेजारी बसवून घेतलंत, "बघ, हे इथं टाकायचं, स्पेलिंग तू सांग." आज आमच्या आठवीतल्या पोरी सरकारी अर्ज न घाबरता वाचतात. ही गोष्ट कुठल्या प्रमाणपत्रावर येत नाही, पण मला विचाराल तर आमच्या शाळेचं सगळ्यात मोठं यश हेच आहे.

नवसाक्षरांचंही त्यातनंच निघालं. पोरांना दिसलं की सहीच्या जागी अंगठा फार आहे. मग उल्लास ह्या प्रौढ साक्षरता योजनेच्या वर्गाला पोरांनीच आज्या गोळा केल्या आणि संध्याकाळी शिकवायला लागली. मार्चमधल्या परीक्षेला, १५० मार्कांची असते ती, वाचन लेखन आणि आकडे, आमच्या वर्गखोलीत नातवांच्या बाकावर आज्या बसल्या होत्या, पदर खोचून, आणि खिडकीतून नाती "आजी, जोडाक्षर बघ" म्हणून खुणा करत होत्या, त्यांना हाकलताना माझी पुरेवाट झाली. त्यातल्या एका आजीनं नंतर तुमच्या काउंटरवर अंगठ्याचा पॅड बाजूला सारला आणि सही केली, तुम्ही त्याचं मला लगेच फोन करून सांगितलंत, आणि फोनवर तुमचा आवाज भरून आला होता.

आणि हे सगळं कधी, तर २०२४ च्या जुलैमध्ये लाडकी बहीणचे फॉर्म सुरू झाले तेव्हाही तुम्ही हे सोडलं नाही. दारात बायकांची रांग, सर्व्हर बंद, दिवसभर उपाशी, लोकांची बोलणी खाणं वेगळंच. तरी संध्याकाळी पाच ते सहा शाळेच्या पोरांसाठी राखून ठेवलात, रांगेतल्या बायकांना सांगितलंत की पोरांची मुदत जवळ आलीये, तुम्ही जरा थांबा. आणि त्या थांबल्या. त्या बायकांचेही आभार मानायला पाहिजेत खरं तर.

ताई, आमच्याकडं तुम्हाला द्यायला फार काही नाही. शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून ठरवलंय की शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटर खोलीत प्रिंटर आणि इन्व्हर्टर बसवायचा, लोकवर्गणी सुरू झालीये, म्हणजे लाइट गेली की तुम्हाला लॅपटॉप घेऊन कुणाच्या तरी दारात बसायला नको, शाळेत या. वहीचं काम ह्या वर्षीपासून मी आणि आठवीच्या वर्गशिक्षिका मिळून करणार, हायस्कूलच्या सरांशीही बोलणं झालंय, ते त्यांच्याकडं एक प्रत ठेवणार. तुम्ही फक्त चुकलेलं दाखवायचं.

२६ जानेवारीला झेंडावंदनाला या. पत्रिकेत नाव छापून झालंय, आता नाही म्हणून चालणार नाही. पोरांनी भाषणं लिहिलीत, मी वाचलेली नाहीत, त्यांनी वाचूच दिली नाहीत. साडी कुठली नेसू वगैरे विचारू नका, आणि त्या दिवशी सकाळी केंद्र बंद ठेवा, लोकांना मी सांगते.

मनापासून आभार, ताई.

तुमच्या शाळेच्या बाई, सगळे शिक्षक आणि पोरं
(ता. माण, जि. सातारा)

ता. क. वहीत शेवटून दुसऱ्या पानावर ज्या पोरीच्या नावापुढं प्रश्नचिन्ह आहे, तिचे आईवडील मेंढरं घेऊन परतलेत. उद्या दुपारी पाठवते.