फळबागेचा ताण चहाला नको

महोदय,

पाणी तोडून ताण दिला की चहाची चव सुधारते, हे विधान हल्ली फार सैलपणे केले जाते. फळझाडाचे पाणी तोडायचे ते बहार फुटावा म्हणून. चहात खुडायची असते ती कोवळी फूट, आणि पाणी तुटले की आधी तीच थांबते. शेंड्याची कळी बारीक राहून झोपी जाते (मळ्यातल्या बोलीत ‘बंजी’), झुडूप फुलांवर येते, कोरड्या उन्हात लाल कोळी ही कीड पसरून जून पाने तांबूस पडतात. यात चव कुठे आली?

चव वाढवणारे ताण आहेत, पण निराळे. तैवानच्या ‘ओरिएंटल ब्युटी’ या चहाचा मधाळ गंध तुडतुड्यांमुळे येतो. त्यांनी कोवळ्या पानांतला रस शोषला की झाड सुगंधी द्रव्ये तयार करते; म्हणून तिथे कीटकनाशक फवारून चालत नाही. जपानमध्ये ग्योकुरो या हिरव्या चहासाठी खुडणीआधी सुमारे 20 दिवस झुडपे झाकतात. मुळांत तयार झालेले थिॲनिन हे चव देणारे द्रव्य पानांत येते; उन्हात त्याचा बराच भाग तुरट कॅटेचिनच्या घडणीत खर्च होतो, सावलीत तो टिकतो. दोन्हीकडे पाणी तोडलेले नाही.

उष्णतेचा अंदाज तर हमखास चुकतो. पानाचे तापमान 35 अंश सेल्सिअसच्या वर गेले की प्रकाशसंश्लेषण झपाट्याने घटते, आणि उन्हातले पान हवेपेक्षा बरेच अंश अधिक तापलेले असते. सावलीतल्या तापमापकावर विसंबू नये. विरळ सावलीची झाडे राखावीत ती यासाठीच.

पाणी साचण्याचा ताण अधिक फसवा. प्राणवायूअभावी मुळे कुजतात आणि ओल असूनही पाने मलूल होतात. मग वरून आणखी पाणी दिले जाते! भूजल निदान 90 सेंटिमीटर खाली राहील असे चर आधी काढावेत.

कोरड्या हंगामानंतर छाटणी करायची असेल, तर पेन्सिलीएवढ्या जाडीचे मूळ आडवे कापून कापावर आयोडीनचे द्रावण लावून पाहावे. काप निळा-काळा झाला, तर पिष्टाचा साठा पुरेसा आहे. पिवळट-तपकिरीच राहिला, तर खोल छाटणीनंतर नवी फूट काढायला झुडपापाशी काहीच उरलेले नसते आणि ते वाळते. अशा वेळी खुडणी थांबवून काही आठवडे विश्रांती द्यावी. छाटणी टाळता येत नसेल, तर निदान एक-दोन फांद्या पानांसह राखाव्यात.

– चहा लागवडीचा एक अभ्यासक