गवसला नाही, दुसराच आला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला शर्ली कॉलिन्स या इंग्रज लोकगायिकेवरचा लेख आवडला. तक्रार आहे ती मथळ्याबद्दल : ‘हरवलेला आवाज गवसला’. गवसला कुठे? २०१६ च्या ‘लोडस्टार’ या त्यांच्या अल्बममधला आवाज जुना नव्हेच. खाली उतरलेला, जाड, खरखरीत. ८१ वर्षांच्या बाईचा.

एवढं अडून लिहिते, कारण हे माझ्या घशाशी आलेलं आहे. मी शाळेत संगीत शिकवत होते. एके दिवशी प्रार्थनेला पेटीवर सूर धरला, तोंड उघडलं आणि नुसती हवा. पोरं हसली, त्यांना वाटलं बाई गंमत करताहेत. पुढे दुर्बिणीतून तपासलं तर स्वरतंतू स्वच्छ! दिसायला काही नाही म्हटल्यावर लोक ‘मनावर घेऊ नका’ म्हणतात, आणि चार महिन्यांनी आपल्यालाही वाटायला लागतं की आपण नाटक करतोय. भांडी घासतानासुद्धा मी गुणगुणले नाही. न जाणो, पुन्हा हवाच आली तर?

लेखात ‘डिस्फोनिया’, म्हणजे आवाजावरचा ताबा सुटणं, हा शब्द एका ओळीत उरकलाय. त्या ओळीत कॉलिन्सबाईंची ३८ वर्षं आहेत. लग्न मोडलं, त्या धक्क्यात आवाज दगा देऊ लागला. रंगमंचावर उभं राहायचं आणि आज काय निघेल याचा भरवसा नाही. १९७८ नंतर थेट २०१६ पर्यंत नवा अल्बम नाही. १९५९ मध्ये लोकगीतांचे संग्राहक अॅलन लोमॅक्स यांच्याबरोबर अमेरिकेच्या दक्षिण भागात फिरून इतरांची गाणी ध्वनिमुद्रित करणारी ही बाई, आणि स्वतःच गप्प.

आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. ‘लोडस्टार’ स्टुडिओत नाही, लुइस गावातल्या त्यांच्या घरी ध्वनिमुद्रित झाला. परक्या ठिकाणी, परक्यांसमोर गायचा संकोच, दुसरं काय! मला तो पटकन कळला. ‘क्रूएल लिंकन’मध्ये बाहेरच्या पक्ष्यांची किलबिल तशीच राहिलीय. गाणं कसलं, तर मजुरी बुडवली म्हणून गवंडी धन्याच्या तान्ह्या बाळाला मारतो, त्याचं. बाई एका शब्दावरही जोर देत नाहीत. पक्षी आपले बोलताहेत.

पण माझा खरा पुरावा ‘डेथ अँड द लेडी’. वाटेत मृत्यू भेटतो, बाई त्याच्याकडे मुदत मागते. हेच गाणं त्यांनी १९७० मध्ये बहीण डॉलीबरोबर केलं होतं, ऐन पस्तिशीत. तेव्हाचा आवाज स्वच्छ, कोवळा. गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी वाटते. २०१६ मध्ये मुदत कोण मागतंय, हे विचारावं लागत नाही. जुना आवाज खरंच गवसला असता, तर हे गाणं असं झालं नसतं.

पूर्वी मी पेटीच्या ‘काळी चार’ पट्टीत गायचे. हल्ली त्याखालची ‘पांढरी चार’, तीही दार लावून.

मथळा देणाऱ्यांना माझी एकच विनंती. दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐका. आधी १९७० चं. मध्ये फोन घेऊ नका.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका