ती कॅसेट साफ करून घेऊ नकोस

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय अवी,

तुझा फोन ठेवल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. कोजागिरीच्या मैफलीची कॅसेट तू डिजिटल करायला काढलीस, फार बरं केलंस. पण ‘मागचा गोंगाट काढून टाकतो, नुसतं गाणं ठेवतो’ असं तो रेकॉर्डिंगवाला म्हणाला आणि तू होकार देणार आहेस, हे ऐकून मला काही सुचेना. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

गेले आठ दिवस मी रोज रात्री एकच रेकॉर्ड ऐकतोय. ‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’. जाझची मैफल आहे. पियानोवर बिल एव्हान्स, डबल बासवर (ते उभं धरायचं, खर्जातलं मोठं तंतुवाद्य) स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोटियन. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधला व्हिलेज व्हॅनगार्ड हा तळघरातला छोटा क्लब. त्या दिवशी त्यांनी पाच वेळा बैठक मांडली, दोनदा दुपारी आणि तीनदा रात्री, आणि रिव्हरसाइड या रेकॉर्ड कंपनीच्या ऑरिन कीपन्यूजने ते सगळं टेपवर घेतलं. पहिल्याच रचनेत मध्येच वीज गेली. तो अर्धवट तुकडासुद्धा पुढे २००५च्या संपूर्ण संचात त्यांनी तसाच ठेवला.

अवी, या माणसांचं वाजवणं तुला ऐकवायचंच आहे. एरवी जाझमध्ये बासवाला लय धरून खालून चालत राहतो, आपल्याकडे ठेका धरावा तसा. लाफारो तसं करत नाही. एव्हान्स एक वाक्य म्हणतो आणि जरा थांबतो, तेवढ्यात हा वरच्या सुरांत जाऊन त्याला उत्तर देतो. कधी त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आतच. आणि मोटियन ड्रमवर काठ्यांऐवजी तारांचे ब्रश हलके फिरवत दोघांच्या मधून वाट काढतो. लय कुणीच ठोकून सांगत नाही, तरी ती तिघांच्याही अंगात असते. ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ तीन मात्रांचं आहे. मी मांडीवर मात्रा मोजायला घेतल्या आणि चौथ्या-पाचव्या आवर्तनात मोजणं कधी सुटलं ते कळलंच नाही. बाळ्या तुझ्यामागे तबला वाजवायचा तेव्हा असंच व्हायचं. सम यायची, पण ती कुणी आणून ठेवली असं वाटायचं नाही.

आणि या सगळ्याच्या मागे माणसं आहेत. ग्लास ग्लासाला लागतो. कुणीतरी हसतं. टेबलावर बोलणं चाललेलं असतं, शब्द कळत नाहीत, पण ती मजेत आहेत हे कळतं. पहिल्या दिवशी मला रागच आला. इतकं नाजूक वाजतंय आणि यांच्या गप्पा! तिसऱ्या रात्री हेडफोन लावून ऐकत होतो, तेव्हा लक्षात आलं की त्या आवाजांमुळेच मला ती खोली दिसतेय. टेबल कुठे असेल, पियानो किती लांब असेल, सगळं. ते काढलं तर वाजवणं राहील, रविवार राहणार नाही.

११ दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. २५ वर्षांचा होता. एव्हान्स त्यानंतर कित्येक महिने लोकांसमोर वाजवायला बसलाच नाही. रेकॉर्डसाठी चिजा निवडताना त्याने आणि कीपन्यूजने लाफारो जिथे ठळक ऐकू येतो अशाच घेतल्या. पहिली ‘ग्लोरियाज स्टेप’ आणि शेवटची ‘जेड व्हिजन्स’, दोन्ही लाफारोच्याच रचना. कव्हरवरही त्याचं नाव वेगळं छापलं. उरलेल्यांतून १९६२ मध्ये ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ निघाली. ‘जेड व्हिजन्स’ मला सलग दोनदा ऐकवत नाही. बास तिथे इतका सावकाश, तारा एकत्र छेडत बोलतो, आणि खाली बसलेल्यांना काहीच ठाऊक नाही. वाजवणाऱ्यालाही नाही.

आता आपली कॅसेट. मिरजेच्या तुझ्या घराची गच्ची, टेपरेकॉर्डर माझ्या मांडीजवळ. तुझा बागेश्री विलंबितात आहे आणि काकू दुधाचे पेले घेऊन जिना चढताहेत, पेल्यांची किणकिण ट्रेवर ऐकू येते. मग अप्पांचा खोकला. आणि द्रुत सुरू व्हायच्या आधी बाळ्या हातोडीने गट्टे ठोकत हळूच म्हणतो, “अवी, जरा थांब, उतरलाय.” पुढच्या फाल्गुनात तो गेला. त्याचा तबला आपल्याकडे आणखी चार ठिकाणी आहे. त्याचा आवाज फक्त तिथेच आहे, आणि तो रेकॉर्डिंगवाला त्यालाच गोंगाट म्हणणार.

टेपची घरघर कमी करून घे, त्याला माझी ना नाही. कॅसेट जुनी आहे, रिळाला बुरशी असेल तर आधी ती नीट पुसून घ्यायला सांग. पण माणसांना हात लावू देऊ नकोस. बाळ्याच्या आईलाही एक प्रत द्यायची आहे, ती मी स्वतः घेऊन जाईन. शनिवारी सकाळच्या गाडीने मिरजेला येतोय. मी येईपर्यंत त्याला काही करू देऊ नकोस.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
नंदू