मदत ओसरल्यानंतर काय?

महोदय,

पावसाळा आला की आम्हा ठाणेकरांना २६ जुलै २००५ आठवतो आणि मदतकार्याची चर्चा सुरू होते. त्या मदतीतून टिकाऊ उद्योग उभा राहतो का, हे मात्र क्वचितच विचारले जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरांच्या पुनर्बांधणीत गाव आणि सरकार यांच्यातील दुवा म्हणून महिलांनी काम केले, आणि त्याच अनुभवातून बचत गट व पुढे ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या आधाराने हजारो ग्रामीण उद्योजिका घडल्या. गुजरातमध्ये २००१ च्या भूकंपात वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापती यांची मातीची भांडी फुटली. त्यानंतर त्यांनी विजेविना चालणारा मातीचा फ्रीज बनवला. मला किल्लारीचे उदाहरण अधिक मोलाचे वाटते, कारण तिथे आपद्ग्रस्तांनाच जबाबदारी मिळाली. आमच्याकडे खाडीलगतच्या वस्तीत पाणी शिरले की चादरी येतात (त्या नकोत असे नव्हे), छायाचित्रे निघतात आणि पाणी ओसरल्यावर कोणी फिरकत नाही. कंपन्यांनी सामाजिक दायित्व निधीचा काही भाग अशा वस्त्यांतील बचत गटांना किमान तीन वर्षे खेळते भांडवल म्हणून द्यावा.

– एक वाचक, ठाणे