उचल देण्याआधी टेप काढा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा जवळ आला की नाशिकच्या आमच्या पाथर्डी शिवारात रिकाम्या प्लॉटवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा दिसायला लागतात. पाऊस ओसरला, मुहूर्त चांगला, म्हणून पायाभरणी. मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतलं एक तरुण जोडपं भेटायला आलं. दोघंही अंबडला नोकरीला. डोक्यावर गृहकर्ज आणि हातात ठेकेदाराने दिलेला एक कागद, त्यावर फक्त चौरस फुटाचा दर. ठेकेदाराचं म्हणणं, "सिंहस्थाच्या कामांमुळे माणसं मिळत नाहीत. तीन लाख उचल आत्ता दिलीत तर दसऱ्याला खड्डे घेतो, नाहीतर फेब्रुवारीशिवाय माझ्याकडे गँग नाही." मुलगी मला विचारत होती, "बाई, देऊ का?"

मी तिला देऊ नकोस म्हटलं. का नको, हे सांगायला दोन तास लागले. ते सगळं इथे लिहिते आहे, कारण शहरात या दिवसांत हाच प्रश्न अनेक घरांत चालू असणार.

मी २९ वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. २०१८ साली निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर ९०० चौरस फुटांचं तळमजल्याचं घर बांधायला काढलं. तीन ठेकेदारांकडून दर घेतले: चौरस फुटाला १५२५, १४५० आणि १२५० रुपये, सगळे मटेरियलसह. मी १२५० वाला निवडला. हे तीन दर एकाच कामाचे नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. सर्वांत कमी दरात पाण्याची टाकी नव्हती, खिडक्यांच्या जाळ्या नव्हत्या, गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्हतं, कंपाउंडची भिंत नव्हती. जिना आणि बाल्कनी मात्र पूर्ण क्षेत्रफळात धरली होती. या सगळ्याची बेरीज केली असती तर तोच दर सर्वांत महाग निघाला असता.

करार दोन पानांचा होता आणि पैसे तारखेवर ठरले होते. भूमिपूजनाला दोन लाख उचल, मग दर महिन्याच्या पाच तारखेला सव्वा लाख. माझं निवृत्तिवेतन महिन्याने येतं, म्हणून हप्ताही महिन्याने, इतकाच मी विचार केला. काम कुठवर आलं याचा आणि हप्त्याचा काही संबंधच राहिला नाही. मार्चपर्यंत पाच हप्ते गेले. मध्ये "स्टील वाढलं" म्हणून साठ हजार जादा दिले. एकूण आठ लाख पंच्याऐंशी हजार, त्यातले निम्म्याहून अधिक रोख आणि बिनपावतीचे. एप्रिलमध्ये एका सकाळी साइटवर कोणी आलं नाही. चार दिवसांनी मिक्सरही उचलून नेला. त्या माणसाने दुसरीकडे मोठं काम धरलं होतं, आणि माझ्याकडून घ्यायचं त्याचं फारसं काही उरलं नव्हतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी स्थापत्य अभियंता आहे. ती आली, बॅगेतून टेप काढला आणि म्हणाली, "बाई, आधी मोजू या. रडायचं नंतर." संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी घर मोजलं. फुटिंग, जोतं, कॉलम, बीम, स्लॅब, वीटकाम, एकेक आकडा वहीत. झालेलं काम करारातल्या दराने सहा लाख दहा हजारांचं भरलं. पावणेतीन लाख जास्त गेले होते. आतून-बाहेरून सुमारे ४५ ब्रास (प्लास्टरचा एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट) प्लास्टर बाकी होतं, फरशी, नळजोडणी, रंग सगळंच बाकी. हाच हिशेब मी दर महिन्याच्या चार तारखेला केला असता, तर डिसेंबरमध्येच थांबले असते. लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार. यात मला न येण्यासारखं काहीही नव्हतं.

स्लॅबचं दुःख वेगळंच. स्लॅब मार्चच्या पहिल्या आठवड्यात ओतला, ऊन चढलेलं. पाणी कोणी मारायचं, टँकर कोणी मागवायचा, हे करारात लिहिलेलंच नव्हतं. चार दिवस पाणी मारलं, मग बंद. आपल्याकडे काँक्रीटच्या कामाचं मानक आहे, आयएस ४५६. त्याप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस काँक्रीट सतत ओलं ठेवावं लागतं, आणि कोरड्या, उष्ण हवेत किंवा पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर किमान १०. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गोण्या पीपीसीच्याच असतात, म्हणजे उन्हाळ्यात १४ दिवस धरावेत. स्लॅबवर आळी बांधून पाणी साठवायचं, कॉलमना गोणपाट गुंडाळायचं. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या क्रियेतून त्याला ताकद येते, आणि पाणी आटलं की ती क्रिया थांबते. माझ्या स्लॅबला केसासारख्या भेगा पडल्या आणि जुलैत हॉलच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकायला लागलं. दहा दिवसांच्या टँकरला जेवढे पैसे लागले असते, त्याच्या कितीतरी पट दुरुस्तीला गेले.

लोक मला म्हणाले, रेराकडे जा. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. २०१६ चा रेरा कायदा सदनिका बांधून विकणाऱ्या विकासकासाठी आहे. आपल्या प्लॉटवर आपण लावलेल्या ठेकेदाराचं काम त्यात बसत नाही. आपल्याला जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही 'सेवा' म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पण आयोगापुढे कागद लागतो. माझ्याकडे अर्ध्या पैशांच्या पावत्या नव्हत्या, मोजमाप नव्हतं, तारखेवार फोटो नव्हते. मी गेले नाही.

वरचा मजला २०२२ च्या डिसेंबरात बांधायला काढला. त्या वेळी काय वेगळं केलं, ते नव्याने बांधणाऱ्यांसाठी मुद्दाम तपशिलात लिहिते.

दर मागण्याआधी त्या विद्यार्थिनीकडून कामांची यादी परिमाणांसह करून घेतली. काँक्रीट किती घनमीटर, वीटकाम किती, प्लास्टर किती ब्रास, वॉटरप्रूफिंग किती. तीच यादी आणि तेच नकाशे तिघांना दिले. आता दर शेजारी शेजारी ठेवून वाचता येत होते. दर येण्याआधीच एकाने सांगितलं की यादी बघून तो काम घेत नाही. त्याचे मी आजही आभार मानते, पुढचा त्रास वाचला.

मग ठेकेदारांची जुनी कामं पाहिली. नवं कोरं, रंगाच्या वासाचं घर पाहून काही कळत नाही. मखमलाबादला चार पावसाळे खाल्लेलं एक घर पाहिलं. बाथरूमच्या मागची भिंत, गच्चीच्या पॅरापेटचा सांधा, खिडक्यांखालचे कोपरे. मालक म्हणाले, "माणूस थोडा हळू आहे, पण काम संपल्यावरही फोन उचलतो." या एका वाक्यावर माझं निम्मं ठरलं. शिवाय तो ज्या दुकानातून सिमेंट-स्टील घेतो तिथे जाऊन त्याच्या उधारीची चौकशी केली. ज्याची जुनी उधारी थकलेली असते, तो आपल्या उचलीतून ती फेडतो आणि आपल्या कामाला नवी उधारी करतो.

आणखी एक प्रश्न विचारा, तो फार कोणी विचारत नाही: सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅब ओतताना खाली लावायच्या प्लेटा आणि टेकू स्वतःचे आहेत की भाड्याचे? भाडं दिवसावर असतं. प्लेटा भाड्याच्या असल्या की स्लॅबखालचे टेकू लवकर काढायची घाई होते. मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवायचे, बीमखाली सहा मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१. आम्ही हे दिवस करारातच घातले.

काम लेबर रेटवर दिलं आणि माल मी घेतला. माल मोजायला शिकले. सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले १६२, की मीटरला किती किलो ते निघतं. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण १०.६७ किलो. ५० सळया म्हणजे ५३३ किलो, हा आकडा काट्याच्या पावतीशी ताडायचा. थोडा फरक चालतो, मोठा नाही. क्रश सँडची (दगड फोडून केलेल्या वाळूची) गाडी "दोन ब्रास" म्हणून आली. चालकाला थांबवून ट्रॉलीत टेप लावला: दहा फूट, सहा फूट, माल पावणेतीन फूट. १६५ घनफूट, आणि वाळूचा ब्रास १०० घनफुटांचा, म्हणजे १.६५ ब्रास. मी १.६५ चेच पैसे दिले. पुढची गाडी पूर्ण भरून आली.

पैसे टप्प्यावर आणि मोजून. उचल नाही. मजुरांना बुधवारच्या बाजाराला लागते ती आठवड्याची खर्ची मात्र मी दर मंगळवारी न चुकता दिली आणि पुढच्या बिलातून वळती केली. माणसांची चूल उचलीवर थांबत नाही, खर्चीवर थांबते, आणि ती अडवण्याचा मालकाला अधिकार नाही. स्लॅबच्या पैशातला एक हिस्सा पाणी मारण्याचे १४ दिवस पूर्ण होऊन टेकू उतरल्यावर दिला. शेवटचे पाच टक्के एक पावसाळा जाऊन दिवाळीला दिले. प्रत्येक बिलाआधी माझी विद्यार्थिनी येऊन मोजमाप वहीवर सही करायची, खाली ठेकेदाराची आणि माझी. तिने फी घ्यावी असा मी हट्ट धरला. देखरेख करणारा माणूस ठेकेदाराचा नसावा आणि फुकटचाही नसावा. आर्किटेक्टने नकाशा मंजूर करून दिला म्हणजे तो रोज साइटवर उभा राहणार, असं अनेकांना वाटतं. त्याच्याशी तसं ठरवून, वेगळे पैसे दिले असतील तरच तो येतो.

ठेकेदाराच्या बाजूनेही लिहायला हवं. वीटकाम झाल्यावर मी स्वयंपाकघराची भिंत दोन फूट सरकवायला सांगितली. त्याने नाही म्हटलं नाही, पण जादा कामाच्या वहीत रक्कम लिहून माझी सही घेतली आणि मगच घण मारला. तेव्हा थोडं लागलं मनाला. आता वाटतं, पहिल्या वेळी अशी वही असती तर स्टीलचे साठ हजार असे गेले नसते. मालक मनात येईल तसे बदल सांगतात आणि शेवटच्या बिलाला हुज्जत घालतात, हीही तितकीच खरी गोष्ट आहे. काम एक महिना लांबलं, कारण जुलैत पेठ-सुरगाण्याची माणसं भातलावणीला गावी गेली. ती जाणारच. वेळापत्रक लावतानाच ते धरायला हवं होतं, आम्ही धरलं नव्हतं. त्या महिन्याचा दंड मी लावला नाही.

आपल्या वृत्तपत्रामार्फत नाशिक महानगरपालिकेला माझी एक विनंती आहे. स्वतःच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्याला बांधकाम परवानगी देताना तिच्यासोबत सोप्या मराठीत एक नमुना करार आणि टप्पेवार मोजमापाचा तक्ता द्यावा. पाणी कोणाचं, वीज कोणाची, टेकू किती दिवस, जादा कामाची नोंद कशी, शिल्लक रक्कम कधी, एवढं चार पानांत मावतं. सामनगाव रस्त्यावरच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना सुट्टीच्या दिवशी अशा घरांची मोजमापं करायला पाठवलं, तर मुलांचा सराव होईल आणि मालकाला आपले पैसे कुठे गेले ते कळेल.

त्या जोडप्याने अजून उचल दिलेली नाही. या रविवारी आम्ही तिघं त्याच ठेकेदाराचं तीन वर्षांपूर्वीचं एक घर पाहायला जाणार आहोत. माझ्या दुसऱ्या कराराची आणि मोजमाप वहीची प्रत, नावं झाकून, आपल्या कार्यालयात आणून ठेवते. कोणा वाचकाला हवी असेल तर झेरॉक्स काढून द्यावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका
पाथर्डी फाटा, नाशिक