शिसं नाही, साचा तापवा

संपादक महोदय, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत खाडीवर गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे पकडायला, जाणाऱ्या हौशी लोकांवर लेख आला होता, लेख मस्तच होता, पण शेवटी घरी शिशाची वजनं कशी ओतायची याची जी चौकट दिलीय ती वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. त्यात म्हटलंय की वजन अर्धवट भरलं किंवा अंगावर सुरकुत्या आल्या तर गॅस मोठा करा आणि शिसं अजून तापवा. साहेब हे चुकलंय, आणि नुसतं चुकलं असतं तर गप्प बसलो असतो, पण यात धोका आहे. रबाळेच्या एमआयडीसीत डायकास्टिंगच्या, म्हणजे वितळलेला धातू साच्यात भरण्याच्या, लाइनवर आयुष्य गेलंय माझं, आता ऐरोलीत बसून आसपासच्या पोरांना गरीची वजनं ओतून देतो, त्यामुळे दोन शब्द ऐकून घ्या.

सुरकुत्या येतात त्या शिसं थंड असल्यामुळे नाही, साचा थंड असल्यामुळे. शिसं ३२७ अंशाला वितळतं. भांड्यात ते ३८०-४०० ला असलं म्हणजे वजनं ओतायला भरपूर झालं. पण तेच शिसं गार साच्याला लागलं की साच्यातली खाच भरायच्या आधीच कडेला गोठतं, मागून येणारी धार त्याच्यावर चढते आणि ती एकजीव होत नाही. पहिला घावण तव्याला चिकटतो तेव्हा आपण पीठ तापवत नाही ना, तवा तापवतो.

आता गंमत अशी की मोठी वजनं ओतताना हा त्रास फारसा होत नाही, छोट्यांना हमखास होतो, आणि लोकांना वाटतं छोटं आहे म्हणजे सोपं असणार. हिशोब बघा. १ ग्रॅम शिसं ४०० अंशावरून गोठून २०० पर्यंत उतरलं की साधारण ५० ज्यूल उष्णता सोडतं. म्हणजे १० ग्रॅमच्या वजनाकडून साच्याला मिळणार ५०० ज्यूल. ॲल्युमिनियमचा ३०० ग्रॅमचा साचा १ अंशाने तापवायला २७० ज्यूल लागतात. म्हणजे एका वजनामागे साचा जेमतेम दोन अंश चढतो, आणि तुम्ही तो उघडून माल बाहेर पाडून परत बंद करेपर्यंत त्याहून जास्त उतरलेला असतो. १०० ग्रॅमचं वजन ओता, तोच साचा अठरा अंश चढेल. म्हणून छोट्या खाचांचा साचा ओतून ओतून आपोआप गरम राहील ही आशाच सोडा, त्याला बाहेरूनच ऊब द्यावी लागते.

मी काय करतो सांगतो. बाजूला जुनी इलेक्ट्रिक हॉट प्लेट ठेवायची, तिच्यावर साचा बंद करून ठेवायचा आणि सावकाश दीडशे-दोनशे अंशापर्यंत येऊ द्यायचा. गॅसच्या ज्योतीवर थेट धरू नका, एक तर तो वाकडा होतो, आणि गॅस जळताना वाफ तयार होते ती थंड धातूवर सुरुवातीला दवासारखी बसते, ते पाणी खाचेत राहिलं आणि वर शिसं पडलं की संपलं, शिसं तुमच्या चेहऱ्यावर उडतं. (आपल्याकडे पावसाळ्यात साचा नुसता कपाटात ठेवला तरी ओलसर होतो, तेव्हा डबल काळजी.) साच्यात दोन-चार खाचा असतील तर सगळ्या भरा, आणि ओतताना साच्याच्या तोंडावर जास्तीचं शिसं कंजुषी न करता राहू द्या, तो गोळाही साच्याला ऊब देतो, नंतर तोडून भांड्यात परत टाकायचा. हात चालू ठेवायचा. लोक काय करतात, एक वजन निघालं की साचा उघडा टाकून ते उन्हात फिरवून बघत बसतात, तेवढ्यात साचा गार. पहिली काही वजनं तर बाद होणारच, सरळ भांड्यात परत.

साचा तापलाय की नाही ते तोंडावरचा गोळा सांगतो. ओतल्या ओतल्या गोठला तर साचा थंड आहे. तीन-चार सेकंदांनी गोठला की बरोबर. बराच वेळ चमकत राहिला आणि वजन पांढुरकं, तांदळाच्या पिठासारखं दिसायला लागलं तर जास्त तापलाय, थोडा थांबा. लांबून तापमान मोजणारी ती इन्फ्रारेड बंदूक चकचकीत धातूवर भलतेच आकडे दाखवते, तिच्या नादी लागू नका.

आता गॅस मोठा केला तर काय होतं. शिसं ५०० अंशाच्या वर गेलं की त्याचा धूर वाढतो, भांड्याचं बूड लाल दिसायला लागलं म्हणजे तुम्ही तिथे पोचलात. वरची राखाडी मळीही भराभर तयार होते, आणि तिची धूळ हाताला, कपड्याला लागून घरात येते. लहान मुलांच्या रक्तात शिसं अमुक इतकं चालतं अशी सुरक्षित पातळीच नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण २००० साली पेट्रोलमधून शिसं काढलं ते काय किचनमध्ये परत आणायला? अजून एक, भंगारातून गाडीच्या चाकाची वजनं आणता त्यात आता जस्ताचीही असतात. जस्त ४१९ ला वितळतं. शिसं ४०० च्या आत ठेवलंत तर जस्त वर तरंगतं, चिमट्याने उचलून टाका. गॅस मोठा केलात की ते मिसळलंच, आणि मग तो अख्खा घाणा नीट भरत नाही. म्हणजे ज्या त्रासावर तुम्ही उपाय सांगितलात तोच त्रास वाढतो.

बॅटरीच्या प्लेटा तर घरी वितळवायच्याच नाहीत, त्यावर चर्चा नको. आणि हे सगळं गच्चीवर किंवा अंगणात, वारा पाठीकडून घेऊन, पायात बूट, डोळ्याला चष्मा, मुलं आणि गरोदर बाया लांब. भांडं-पळी वेगळी, स्वयंपाकाची नाही. साच्याला वाऱ्याचा आडोसा करा, नाहीतर खाडीचा वारा तो दोन मिनिटांत गार करतो.

रविवारच्या पुरवणीत त्याच जागी ही दुरुस्ती छापाल का? निदान गॅस मोठा करा ते वाक्य तरी मागे घ्या, कारण आमच्या बिल्डिंगमधल्या एकाने ती चौकट कापून फ्रिजला लावलीय.

आपला,
एक जुना वाचक, ऐरोली, नवी मुंबई