काजूच्या पिशवीची परीक्षा

महोदय,

भाजलेले काजू पावसाळ्यात खवट झाले की आपल्याकडे दोष दमट हवेला दिला जातो. परंतु साधी पॉलिथिलीनची पिशवी ओलावा बऱ्यापैकी अडवत असली, तरी प्राणवायू सहज आत सोडते आणि त्यानेच काजूतील तेल बिघडते. हे मोजता येते. प्लॅस्टिकच्या एका बाजूस प्राणवायू आणि दुसऱ्या बाजूस नायट्रोजनने भरलेला बंद कप्पा ठेवतात. कप्प्यातील रुथेनियम या धातूने युक्त रंगद्रव्याच्या ठिपक्यावर निळा प्रकाश टाकला की तो तांबूस उजळतो, आणि प्राणवायू झिरपेल तसतशी ही दीप्ती मंदावते. मात्र ही चाचणी कोकणातल्या आर्द्रतेतच व्हावी, कारण काही उत्तम प्लॅस्टिके ओलाव्यात प्राणवायू अडवण्याचा आपला गुण गमावतात. लहान प्रक्रियादारांना ती दापोलीच्या कृषी विद्यापीठामार्फत माफक शुल्कात मिळावी, ही कळकळीची विनंती.

— एक काजू प्रक्रियादार, वेंगुर्ले